थेंबाचा माग

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला एक खोड असते. गाडी जागेवरून हलवली, की रस्त्याकडे बघायच्या आधी तो रिकाम्या झालेल्या जागेकडे बघतो. कुणाच्या घरी जेवायला गेला असेल, तर निघताना यजमानांचा निरोप घेता घेता त्याची नजर त्यांच्या अंगणातल्या फरशीवर फिरत असते. डाग दिसला की तो खाली वाकतो, त्याला बोट लावतो, अंगठ्यावर चोळतो आणि चक्क हुंगतो. बरोबरची मंडळी तोवर आपला याच्याशी संबंध नाही अशा चेहऱ्याने दुसरीकडे बघत उभी राहतात.

या हुंगण्याला कारण आहे. गाडीखाली पडणाऱ्या थेंबांच्या जाती वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येकीची निकड वेगळी असते. रेडिएटरचं कूलंट हिरवट, चिकट आणि गोडसर वासाचं. गिअरबॉक्सचं तेल जाड, त्याला गंधकाचा उग्र दर्प. ब्रेक ऑइल पातळ, जवळजवळ रंगहीन, आणि ते रंगावर सांडलं तर रंग सोलून काढतं. त्याचा थेंब चाकाशेजारी दिसला, तर गाडी तिथेच सोडून रिक्षाने घरी यावं. इंजिन ऑइल नवं असताना सोनेरी असतं, वापरून तपकिरी आणि मग काळं होतं. बोटांत ते बराच वेळ बुळबुळतं. जुन्या गाडीखाली बहुतेक वेळा सापडतं ते हेच, आणि सगळ्यात जास्त गैरसमज आहेत तेही याच्याचबद्दल.

माझ्याकडची गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८०च्या दशकातली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली. मूळची ही इटलीची फियाट ११००. आपल्याकडे १९६४ पासून ती ‘डिलाइट’ म्हणून विकली गेली, मग थोडा काळ ‘प्रेसिडेंट’ म्हणून आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ म्हणून. कंपनीने नावं बदलली, लोकांनी तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मात्र फारसं बदललं नाही. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पूर्वी हीच. दादर स्टेशनबाहेर टॅक्सींच्या रांगेखालच्या डांबरावर काळे ठिपके सारख्या अंतरावर उमटलेले असत, कारण गाड्या एका मापाच्या होत्या आणि त्यांच्या गळण्याच्या जागाही त्याच होत्या. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ती ऑक्टोबर २००३ मध्ये. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. ठिपके पुढच्या डांबरीकरणाखाली गेले.

तेव्हा गळणं हा माझ्या एका गाडीचा दुर्गुण नव्हे. तो त्या काळच्या इंजिनाच्या बांधणीतच आहे. आपण ‘इंजिन’ असं एकवचनी म्हणतो, पण ते अनेक तुकडे बोल्टांनी एकत्र धरून ठेवलेलं असतं. मधला ब्लॉक ओतीव लोखंडाचा, त्यावर ॲल्युमिनियमचं हेड, हेडवर पत्र्याचं टॅपेट कव्हर, खाली तेल साठवणारं पत्र्याचंच चेंबर, पुढे टायमिंग कव्हर, बाजूला पेट्रोल पंप, डिस्ट्रिब्युटर, ऑइल फिल्टर. आत तेल दाबाखाली फिरतंय, उडतंय, तापतंय; आणि दोन तुकड्यांमधल्या प्रत्येक सांध्यात ते अडवायला काय आहे? कुठे जाड कागद, कुठे रबर, कुठे तांब्याचा वॉशर, आणि टॅपेट कव्हरखाली चक्क झाडाची साल.

ही साल बुचाच्या ओकची. जगातलं सर्वांत जास्त बूच पोर्तुगालमध्ये निघतं. झाड तोडत नाहीत, साधारण नऊ वर्षांनी एकदा त्याची साल सोलतात आणि झाड पुन्हा साल धरतं. त्या सालीचा चुरा करून, चिकटवून, तक्ते पाडून त्यातून पॅकिंग कापलं जातं. कुर्ल्यात जुळलेल्या इटालियन इंजिनातलं तेल एका दूरच्या झाडाच्या सालीने आत थोपवून धरलेलं असतं. बुचाचा गुण असा की दाबलं की ते दबतं आणि पत्र्याच्या बारीकसारीक उंचसखलपणाशी जुळवून घेतं. दोष असा की उष्णतेने वर्षानुवर्षं भाजत राहिल्यावर ते कडक होतं, आक्रसतं आणि मग हात लावला की मोडतं. त्यात धातूंचं आपसात जमत नाही. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुपटीने पसरतं. गाडी रोज तापते आणि रोज थंड होते, म्हणजे रोज हे सांधे एकमेकांवर केसभर सरकतात. तीस-चाळीस वर्षं हे चालू राहिल्यावर एखाद्या कोपऱ्यातून तेलाला वाट मिळाली, तर त्यात पॅकिंगचा अपराध नाही. ते आपलं आयुष्य पुरं जगलेलं असतं.

मालकाला हे पटायला वेळ लागतो. आपली समजूत अशी की धातूची वस्तू धड असते किंवा मोडलेली असते. मधली अवस्था आपण मानत नाही. प्रत्यक्षात जुनं यंत्र सगळं आयुष्य त्या मधल्या अवस्थेतच काढतं. त्याचं टिकणं लोखंडावर जितकं अवलंबून असतं, तितकंच लोखंडांच्या मध्ये घातलेल्या, बदलण्यासाठीच जन्मलेल्या या मऊ, स्वस्त गोष्टींवर असतं.

माझ्या गाडीखाली डाग पडायला लागला तो नेमका इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे. एका मोठ्या, चकचकीत गॅरेजमध्ये तो दाखवला. तिथल्या तरुणाने टॉर्च मारली, वाकून बघितलं आणि निदान सांगितलं: क्रँकचं मागचं ऑइल सील गेलं. हे सील सगळ्यात अडचणीच्या जागी बसतं. तिथे पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्लच काढावा लागतो, फ्लायव्हील काढावं लागतं. सील हातात मावतं आणि थोड्या पैशांत येतं. खर्च होतो तो त्याच्यापर्यंत पोचण्याचा. ‘आता उतरवतोच आहोत तर’ या वाक्याने सुरू होणारी कामांची यादी त्याने भराभर लिहून काढली. ती घेऊन मी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो.

त्यांचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, पुढे कडुनिंब, आत एक पिट. त्यांनी यादी वाचली, घडी घालून मला परत दिली आणि पोऱ्याला गाडी धुवायला सांगितलं.

“धुवायला?”

“आधी आंघोळ. मळलेल्या इंजिनात चोर सापडत नाही, साहेब.”

पोऱ्याने ब्रशने डिझेल मारून इंजिनावरचं वर्षानुवर्षांचं किटण काढलं, मग साबणाच्या पाण्याने धुतलं, हवा मारून वाळवलं. खालचा मूळ करडा ब्लॉक बऱ्याच काळाने दिसला. त्यावर मिस्त्रींनी अंगाला लावायची साधी पांढरी पावडर झटकली आणि मला गाडी फिरवून आणायला पाठवलं. स्वारगेटपर्यंत जाऊन परत आलो. बोनेट उघडलं, तेव्हा पांढऱ्या पावडरीवर तपकिरी ओघळ उठून दिसत होता. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून तो निघाला होता, हेडच्या पाठीवरून उतरला होता आणि ब्लॉकच्या कडेने खाली जाऊन गिअरबॉक्सच्या तोंडाशी थेंब होऊन लोंबत होता. मागचं सील तिथेच आत कोरडं बसलं होतं.

“तेल वरून खाली येतं,” मिस्त्री हात पुसत म्हणाले, “आपण खालून वर जायचं. जिथं पडतं तिथं ते कधीच गळत नसतं.”

शेवटचं वाक्य तंतोतंत खरं नाही. चेंबरचा ड्रेन नट ढिला असेल, तर तेल पडतं तिथेच गळतं. पण बाकी बहुतेक वेळा ते खरं ठरतं, कारण थेंबाला दोन गोष्टी हाकत असतात. एक गुरुत्वाकर्षण. दुसरी वारा. गाडी धावताना रेडिएटरच्या पंख्याची आणि समोरून येणारी हवा ओघळाला मागे ढकलत नेते. त्यामुळे पुढच्या टायमिंग कव्हरचं तेल चेंबरच्या मध्यावर सापडतं आणि पेट्रोल पंपाच्या पॅकिंगचं तेल स्टार्टरवर. जमिनीवरचा डाग हा प्रवासाचा शेवट असतो. तो बघून उगम सांगणारा माणूस अंदाज करत असतो. अंदाज बरोबर आला तर तो अनुभवी, चुकला तर गिअरबॉक्स उगाच उतरतो.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलणं हे जुन्या गाडीच्या कामांतलं सगळ्यात सोपं काम समजतात, म्हणून ते सगळ्यात जास्त वेळा बिघडवलं जातं. गळतंय म्हटल्यावर पहिला हात जातो पान्याकडे: बोल्ट आवळा. पत्र्याचं कव्हर बोल्टाखाली दबतं, त्या जागी खळगा पडतो आणि दोन बोल्टांच्या मधला पत्रा उचलला जातो. बूच बोल्टापाशी चिरडतं, मधे सैल राहतं. मग गळती वाढते, मग बोल्ट आणखी आवळले जातात. माझ्या गाडीचं कव्हर काढून मिस्त्रींनी आरशाच्या काचेवर पालथं ठेवलं, तर ते डुगडुगत होतं. कधीकाळी कुणीतरी ताकद लावलेली होती. त्यांनी बोल्टांच्या खळग्यांना ऐरणीवर ठेवून लहान हातोडीने हलकेच ठोकत पत्रा सरळ केला. हेडच्या काठावर चिकटलेलं जुनं बूच पात्याने खरवडलं, काठ कोरडा पुसला. नवं पॅकिंग नाना पेठेतून आणलेलं होतं. ते कव्हरच्या बाजूला बेताने चिकटवलं, हेडच्या बाजूला कोरडंच ठेवलं. मग बोल्ट बोटांनी बसवले आणि आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. या सगळ्यात जोर कुठेही लागला नाही.

सिलिकॉनची ट्यूब त्यांच्या फळीवर होती, पण त्यांनी तिला हात लावला नाही. हल्ली कुठल्याही सांध्यावर ती पिळायची पद्धत पडली आहे. सांध्यातून बाहेर आलेला सिलिकॉनचा दोरा आपल्याला दिसतो. तितकाच आत गेलेला असतो, तो दिसत नाही. आतला तुकडा सुटून चेंबरात पडतो आणि तेलाबरोबर ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. जाळी चोंदली की तेल वर चढत नाही आणि बेअरिंग कोरडी पडतात. बाहेरचे चार थेंब वाचवण्याच्या नादात आतलं इंजिन उपाशी मारण्याचा हा प्रकार आहे. जिथे कारखान्यानेच पातळ लेप सांगितला असेल तिथे सिलिकॉन उत्तम चीज आहे. वाईट असतो तो पिळणाऱ्याचा हात.

ज्या सीलवर खोटा आळ आला होता, त्याच्याबद्दल मला त्या दिवशी जे कळलं ते मात्र सगळ्यात विलक्षण वाटलं. टॅपेट कव्हर नुसतं बसून असतं. क्रँक फिरतो. मिनिटाला तीन हजार फेरे म्हणजे सेकंदाला पन्नास. अशा फिरत्या दांड्याभोवती तेल अडवायचं, तर घट्ट आवळून चालत नाही. घर्षणाने सगळं जळून जाईल. म्हणून ऑइल सीलमध्ये रबराची एक पातळ कड असते, तिला मागून बारीक स्प्रिंग हलकेच धरून ठेवते, आणि त्या कडेच्या व दांड्याच्या मध्ये तेलाचाच एक थर राहतो. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास जाडीचा. ती कड त्या थरावर तरंगते आणि बाहेर निसटू पाहणारं तेल फिरण्याच्या जोरावर परत आत ढकलत राहते. म्हणजे जे सील तेल अडवतं, ते स्वतः तेलावरच जगतं. तो थर तुटला, तर काही मिनिटांत रबर भाजून निघेल. कडेखालीही पूर्ण कोरडं असणं ही चांगल्या सीलची खूण नाही, मेलेल्या सीलची आहे.

यातूनच एक कोडं सुटतं. जुनी गाडी रोज चालत असताना कमी गळते आणि महिनोन्महिने झाकून ठेवली की जास्त. आपल्याला वाटतं, विश्रांती दिली. प्रत्यक्षात उभ्या गाडीत सीलच्या वरच्या भागातलं तेल ओघळून जातं, रबर सुकतं, एकाच जागी दाबून राहिल्याने त्याला तोच आकार कायमचा पडतो. मग एके दिवशी चावी फिरवली की ती कड दांड्याबरोबर नीट चालत नाही. दुसऱ्या बाजूने, फार चाललेल्या गाडीत ते मऊ रबर दशकानुदशकं घासून पोलादी क्रँकवर चर पाडतं. नवं सील त्याच चरावर बसवलं तर तेही गळतं. अनुभवी कारागीर ते किंचित पुढे-मागे बसवतो, म्हणजे कड न झिजलेल्या जागी येते. मऊ वस्तूने कठीण वस्तूला झिजवणं आपण सुभाषितात ऐकतो. इथे नखाने चाचपून बघता येतं.

आमचं पॅकिंग बदलून झालं. मिस्त्रींनी तरी गाडी सोडली नाही. त्यांनी इंजिन चालू केलं, तेल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर तळवा धरला. मग मला धरायला लावला. आतून गरम वाफेचे झोत हाताला लागत होते.

“हे बघा खरं कारण. ब्रीदर चोंदलाय.”

सिलिंडरात पेट्रोल पेटतं तेव्हा निर्माण होणारा दाब पिस्टनच्या रिंगांनी अडवायचा असतो. शंभर टक्के तो कुठल्याच इंजिनात अडत नाही. नव्यातही थोडा वायू रिंगांच्या कडेने खाली चेंबरात उतरतो, जुन्यात रिंगा झिजल्यामुळे जास्त उतरतो. तो बाहेर जायला एक नळी ठेवलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. तेलाच्या चिकट काजळीने ही नळी हळूहळू बुजते. शिट्टी अडकलेल्या कुकरची वाफ जशी झाकणाच्या रबरातून वाट काढते, तसा मग तो वायू जो सांधा सगळ्यात कच्चा असेल तिथून तेलाला बाहेर रेटतो. नवं पॅकिंग घाला, नवं सील घाला, ब्रीदर बुजलेला असेल तर चार महिन्यांनी दुसऱ्या सांध्यातून तेल येणारच. मिस्त्रींनी नळी काढली, पेट्रोलने धुतली, तिच्यातून काळा लगदा निघाला. हा उपाय जवळजवळ फुकट होता आणि त्या चकचकीत यादीत तो नव्हता.

ब्रीदरला स्वतःचा इतिहास आहे. पूर्वी अमेरिकन गाड्यांत ही नळी खाली रस्त्याकडे तोंड करून मोकळी सोडलेली असे. गाडी धावली की खालच्या वाऱ्याने त्यातून वायू आणि तेलाचे तुषार ओढले जात आणि रस्त्यावर पडत. तिथल्या जुन्या महामार्गांवर प्रत्येक लेनच्या मधोमध काळपट पट्टा दिसे तो यामुळे. म्हणजे त्या काळी नव्या गाड्याही गळत, आणि तसं गळणं हे आखणीतच होतं. लॉस एंजेलिसचं धुरकं असह्य झालं, तेव्हा या वायूंचाही हिशेब मांडला गेला आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाने ते परत इंजिनात ओढून जाळण्याची सक्ती केली. पुढे सगळ्या जगाने ते स्वीकारलं. रस्त्याच्या मधला तो काळा पट्टा कुणी घासून काढला नाही. नळीचं तोंड वळवलं आणि तो पडायचा थांबला.

आता मुद्द्याचं. प्रत्येक गळती थांबवायची का? जुन्या गाडीच्या मालकांत दोन पंथ आहेत. एकाला इंजिन ताटासारखं लख्ख हवं असतं. असा माणूस गाडी चालवण्यापेक्षा उघडण्यात जास्त रमतो. दुसरा म्हणतो, गळतंय म्हणजे आत तेल आहे, काळजी कशाला? बुलेटवाल्यांत हा विनोद पिढ्यान्पिढ्या चालत आलेला आहे. दोन्ही पंथ आळशी आहेत, असं माझं मत झालं आहे. दोघांनाही एकेका गळतीकडे वेगवेगळं बघायचं नसतं.

काही गळत्या एक दिवसही थांबू शकत नाहीत. टॅपेट कव्हरचं तेल मागे ओघळलं तर सोसता येतं. तेच एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीवर टपकायला लागलं, की आधी जळका वास येतो, मग बोनेटमधून धूर आणि वाईट वेळ आली तर ज्वाळा. तो वास आला की गाडी बाजूला घ्यावी. ऑइल प्रेशरच्या स्विचमधून तेल येत असेल, तर ते दाबाखालचं तेल असतं. तिथे थेंबाची धार व्हायला वेळ लागत नाही. मागचं सील खरंच गेलं असेल आणि तेल क्लच प्लेटवर पोचत असेल, तर चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. खंबाटकी घाटात ते कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. आणि रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला किंवा डिपस्टिकवर दुधाळ फेस आला, तर बहुधा हेड गॅस्केट गेलं. बाहेर एक थेंबही न पडता होणारी ही गळती सगळ्यांत महाग.

उरलेल्या गळत्या म्हणजे सांध्याशी नुसता ओलावा, आठवड्यात चेंबरच्या टोकाला जमणारा एखादा थेंब. त्या लक्षात ठेवाव्यात, पुढचं एखादं मोठं काम निघेल तेव्हा त्यात उरकाव्यात. अशा ओलाव्यासाठी बाजारात बाटल्या मिळतात, तेलात ओतल्या की गळती बंद असं सांगणाऱ्या. त्यातली द्रव्यं कडक झालेलं रबर थोडं फुगवून मऊ करतात, त्यामुळे काही दिवस फरक पडतो. बुचावर आणि कागदावर त्यांचा काही परिणाम होत नाही. फाटलेलं तर कशानेच सांधलं जात नाही. जाड तेल घालण्याचा उपायही असाच. बेताने ठीक, पण फार जाड तेल गार इंजिनात वर चढायला वेळ लावतं आणि इंजिनाची झीज सगळ्यात जास्त होते ती पहाटेच्या त्या पहिल्या क्षणांत.

आणि आता ती गोष्ट, जी जमिनीकडे बघण्याच्या नादात आम्ही सगळे विसरतो. तेल कमी होण्याच्या वाटा दोन असतात. एक खाली पडण्याची, दुसरी जळून जाण्याची. रिंगा आणि व्हॉल्व्हच्या गाइड झिजल्या की तेल सिलिंडरात शिरतं आणि निळसर धूर होऊन मागून निघून जातं. फरशी स्वच्छ राहते. सोसायटीचे सेक्रेटरी खूश असतात. गाडी मात्र दर हजार किलोमीटरला तेल पीत असते आणि मालक डाग नाही म्हणून निश्चिंत असतो. डाग पाडणारी गाडी निदान मालकाला खाली वाकायला लावते.

नव्या गाड्यांचं याहून अवघड आहे. त्यांचे सांधे नेमके असतात, पॅकिंग साच्यात घडवलेलं रबराचं असतं, त्या गळत नाहीत हे खरंच. पण त्यातल्या अनेकींच्या खाली प्लास्टिकचं मोठं झाकण असतं. पाच-सात वर्षांनी कुठे गळायला लागलं, तर तेल त्या झाकणात साठतं आणि पार्किंगमध्ये काही दिसत नाही. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर सगळ्यांचा भरवसा असतो. तो दिवा तेल किती आहे हे सांगत नाही, तेलाचा दाब जवळजवळ संपला आहे एवढंच सांगतो. तो लागला तेव्हा बेअरिंगवर धातू धातूला घासायला सुरुवात झालेली असू शकते. त्या दिव्याच्या आधी सावध करणारी वस्तू बहुतेक गाड्यांत एकच, कारखान्याने फुकट दिलेली, बोनेटखाली खोचलेली: डिपस्टिक.

गळतीची जमिनीकडची बाजूही टाळता येणार नाही. पहिल्या पावसात रस्त्यावर जो सप्तरंगी तवंग दिसतो आणि दुचाकीवाले घसरतात, त्यात आमच्यासारख्यांचा वाटा आहे. पार्किंगमधलं तेल पावसाळी गटारात जातं आणि पुण्यातलं गटार शेवटी मुठेलाच मिळतं. जुन्या गाडीच्या प्रेमाला हा खर्च धरावाच लागतो, आणि तो आपण न भरता शेजाऱ्यावर आणि नदीवर टाकणं हे प्रेम नव्हे. गाडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवणं, सांडलेलं तेल पाण्याने न धुता भुशात टिपून घेणं, बदललेलं तेल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी न ओतणं ही कामं कंटाळवाणी आहेत आणि केलीच पाहिजेत. वापरलेलं इंजिन ऑइल आपल्या कायद्यात घातक कचऱ्यात मोडतं. ते शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. ज्या गॅरेजमध्ये ते पिंपात साठवून अधिकृत घेणाऱ्याला देतात, तिथेच तेल बदलावं.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी तिला आरटीओसमोर उभं करून, पर्यावरण कर भरून पुन्हा परवानगी घ्यावी लागते. माझी पद्मिनी त्या दारातून जाऊन आलेली आहे. तिथल्या निरीक्षकाने खाली वाकून चेंबर बघितलं, बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं आणि सहीला हात घातला. ती पूर्ण कोरडी नव्हती, आजही नाही. टायमिंग कव्हरशी थोडा ओलावा आहे. तो मला माहीत आहे, मिस्त्रींना माहीत आहे, आणि पुढच्या वेळी टायमिंग चेन काढली जाईल तेव्हा तिथलं सील बदलायचं ठरलेलं आहे.

तुमच्याकडे अशी गाडी असेल, तर दर रविवारी सकाळी, इंजिन चालू करण्याआधी, गाडी सपाट जागी असताना डिपस्टिक काढा. पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, मग काढून वाचा. वरच्या आणि खालच्या खुणेत बहुतेक गाड्यांत लिटरभराच्या आसपास अंतर असतं. पातळी मधल्या भागाच्या खाली आली की भरा, पण वरच्या खुणेच्या वर भरू नका, कारण जास्त तेलाने दाब वाढून तेही सांध्यांतूनच बाहेर येतं. आकडा आणि तारीख वहीत टिपून ठेवा. दोन महिन्यांच्या त्या नोंदी घेऊन मिस्त्रीकडे जा आणि काहीही उतरवू देण्याआधी इंजिन धुऊन घ्यायला सांगा. बुचाचं पॅकिंग अजून बाजारात सहज मिळतं. पद्मिनीचा चांगला क्रँक शोधून सापडत नाही.